टॅटूवर लावायची पारदर्शक फिल्म: सगळी मदार कडेवर

नवा टॅटू म्हणजे सुईने झालेली जखमच. पहिले काही दिवस तिला धूळ, कपड्यांचं घासणं आणि स्वतःचीच नखं यांपासून वाचवायला ही पॉलियुरेथेनची चिकट फिल्म फार कामाची आहे. टॅटू आर्टिस्ट तिला सेकंड स्किन म्हणतात. दवाखान्यात सलाईनच्या सुईवर लावतात ती टेगाडर्मही याच जातीची. बाहेरचं पाणी ती आत येऊ देत नाही, पण आतली वाफ बाहेर सोडते. स्वयंपाकघरातल्या क्लिंग रॅपला हे जमत नाही; त्याखाली घाम साचून कातडी पांढरी, भिजल्यासारखी होते.

लावण्याआधी कातडी धुऊन पूर्ण कोरडी करा. क्रीमचा अंश राहिला तरी गोंद धरत नाही. टॅटूच्या चारही बाजूंना निदान अडीच सेंटीमीटर फिल्म कोऱ्या कातडीवर आली पाहिजे. कोपरे कात्रीने गोल करा, कारण टोकदार कोपरा कपड्यात अडकून सगळ्यात आधी उचलतो. आणि फिल्म ताणून लावू नका: ती पुन्हा आकसायला बघते आणि कडेच्या कातडीवर फोड येतात.

पहिल्या दिवशी आत काळपट पाण्याचा फुगा तयार होतो. तो बघून बरेचजण घाबरतात, पण शाई वाहून गेलेली नसते. त्या फुग्यात असते जखमेतून पाझरणारी लस (पातळ द्रव), थोडं रक्त आणि वरवर राहिलेली जादा शाई. भरीव शेडिंगवर हा फुगा मोठा होतो, म्हणून पहिला तुकडा 24 तासांत बदललेला बरा. दुसरा तीन ते पाच दिवस राहू शकतो. मात्र पाणी कडेतून झिरपायला लागलं की जंतूंना आत जायला वाट मिळाली. वरून चिकटपट्टी मारून भागवू नका. काढा, धुवा, कोरडं करा. सुटलेल्या कडेची फिल्म नसलेलीच बरी.

काढताना कोमट पाण्याच्या धारेखाली कड सोडवा आणि फिल्म कातडीला समांतर, केसांच्या दिशेने ताणा. ती रबरासारखी लांबते आणि गोंद आपसूक सुटतो. सरळ वर ओढलीत तर नुकती धरलेली नाजूक कातडीही सोबत येते.

दंड, पाठ, मांडी अशा सपाट जागी ही फिल्म उत्तम. कोपर, गुडघा, बोटं इथे ती टिकत नाही. तिथे पहिल्यापासून साबण-लोशनच बरं. काहींना गोंद सोसत नाही: बरोबर फिल्मच्याच आकारात लाली, खाज, बारीक पुरळ उठतं. तसं दिसलं की लगेच काढा. लाली पसरत गेली, जागा गरम लागली, पू किंवा ताप आला, तर डॉक्टरच गाठा.

फिल्म निघाल्यावर बिनवासाच्या सौम्य साबणाने धुवा, न घासता टिपा आणि बिनवासाचं लोशन अगदी पातळ लावा. जाड थराखाली खपल्या भिजून अवेळी सुटतात, आणि त्यांच्याबरोबर शाईही जाते.