दारव्हा रोडवरचे ऑटो इलेक्ट्रिशियन: आधी मीटर, मग पाना

जुनी गाडी सुरू होत नसेल, तर एकही पार्ट बदलायच्या आधी इथे दाखवा. यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना रस्त्यालगत टिनाचं शेड आहे, बाहेर जुन्या बॅटऱ्यांची रांग.

आमची मारुती 800, 1998 ची, कार्ब्युरेटरवाली. सासूबाईंना तपासणीला यवतमाळला न्यायचं तर हीच. किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’ व्हायचं, सेल्फ फिरायचाच नाही. हेडलाइट मात्र भक्क. धक्का मारला की लगेच सुरू, म्हणजे पेट्रोल आणि प्लगचा करंट ठीकच होता. तरी एका गॅरेजवाल्याने काही न तपासता नवी बॅटरी बसवली. फरक पडला नाही, तेव्हा म्हणे आता सेल्फ मोटर बदला. जुन्या गाडीवाल्याचे पैसे असेच जातात, याची मला खरंच चीड येते.

इथल्या भाऊंनी पान्याला हात लावला नाही. मीटर लावलं, बॅटरीवर 12.6 व्होल्ट. मग मला सेल्फ मारायला सांगून आकड्याकडे बघत राहिले. बॅटरी कमजोर असती तर आकडा साडेनऊच्या खाली आला असता. तो 12 च्या आसपासच राहिला. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. “मारा ताई पुन्हा.” तिथे जवळजवळ शून्य यायला पाहिजे, आले 8 च्या वर.

“करंट जाते ताई, पण वापस येऊन नाही राह्यला.”

खात्री करायला त्यांनी जंपर केबलने बॅटरीचं निगेटिव्ह थेट इंजिनला जोडलं. किल्ली फिरवली आणि गाडी सुरू! दोष गिअरबॉक्सला येणाऱ्या अर्थच्या वायरीत होता, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या वायरीत. वरून ती धडधाकट दिसत होती, पण टोकाचं रबर सोललं तर आत तांब्याचा हिरवा भुगा. त्यांनी नवी जाड वायर घेतली, तिच्या टोकाला थिंबल (बोल्टमध्ये अडकवायची धातूची कडी) दाबून बसवलं, बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, वरून ग्रीस लावलं. गाडी चालू ठेवून चार्जिंगही बघितलं, 14.2 व्होल्ट. वायर आणि मजुरी मिळून 400 रुपये, आणि काढलेली वायर माझ्या हातात दिली. हे मला फार मोलाचं वाटतं.

आता अडचणी. बसायला धड जागा नाही, उन्हाळ्यात वयस्कर माणसाला सोबत नेऊ नका. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरवाल्यांचा नंबर आधी लागतो, कारवाल्याला थांबावं लागतं. मला ते बरोबरच वाटतं, पण घाईत असाल तर सकाळी लवकर जा. कार्ब्युरेटरचं काम ते करत नाहीत, तसं स्पष्ट सांगतात.

गाडी ओढून नेण्याआधी फोन मात्र करा. सेल्फ मारताना हेडलाइट मंद होतात का, हे ते आधी विचारतात. अगदीच विझल्यासारखे होत असतील तर टर्मिनल घासून बघायला सांगतात, आणि तरी जमलं नाही तर फक्त बॅटरी काढून आणायला.