डाग काढायची ऑक्सिजन पावडर: माल चांगला, डबा भिकार

दिवाळीच्या साफसफाईला घेतलेल्या ऑक्सिजनवाल्या पावडरीचा जुलैत दगड झाला आणि त्यावरून कस्टमर केअरशी वाजलं, म्हणून हे लिहितेय.

आधी चांगलं सांगते. चहाच्या डागाला तोड नाही. पांढऱ्या शर्टावर वाळून तपकिरी झालेला डागसुद्धा रात्रभर भिजवल्यावर निघाला. अट एकच, पाणी कोमट हवं. नळाच्या गार पाण्यात ही पावडर जेमतेम काम करते, 40 अंशांच्या पुढे खरी कामाला लागते. रेशमाला आणि लोकरीला मात्र लावायची नाही, पैठणी तर लांबच ठेवा.

हळदीवर ही कुचकामी, असं मी पहिल्या महिन्यात सगळ्यांना सांगत होते. भाच्याच्या हळदीतला कुर्ता भिजवला तर पिवळा डाग लालभडक झाला. पण ते होणारच, कारण पावडर क्षारयुक्त आहे आणि हळदीला क्षार लागला की ती लाल होते. कुंकूही तसंच बनतं. भरपूर पाण्यात खळबळल्यावर डाग परत पिवळा झाला, तोही आधीपेक्षा फिका. मग कुर्ता ओलाच कडक उन्हात टाकला. संध्याकाळपर्यंत डाग कुठे होता ते शोधावं लागलं. त्यामुळे मत बदललंय. हळदीचं निम्मं श्रेय पावडरीला, निम्मं उन्हाला. रश्श्याचा डाग असेल तर आधी भांड्याच्या लिक्विडने तेल काढा, नाहीतर पावडर आत पोचतच नाही. रक्ताला गार पाणी, गंजाला लिंबू-मीठ. तिथे ही पावडर वाया घालवू नका.

आता डबा. पुठ्ठ्याचा, वर नुसतं दाबून बसवायचं झाकण, तेही एका बाजूने कायम उचललेलं. आम्ही चिपळूणला राहतो. पावसाळ्यात इथे मीठ वितळतं, आगपेटी पेटत नाही. अशा हवेत हा डबा! ही पावडर म्हणजे सोडियम परकार्बोनेट, धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र बांधलेले. दमट हवा लागली की पेरॉक्साइड आतल्या आत विघटित होतं, ऑक्सिजन उडून जातो आणि हाती राहतो नुसता सोडा. तो वाण्याकडे कितीतरी स्वस्त मिळतो. म्हणजे आपण पैसे ज्या ऑक्सिजनचे मोजले, तोच गेला.

कस्टमर केअरवाली बाई म्हणाली, "मॅडम, गुठळ्या फोडून वापरा, काही फरक पडत नाही." पडतो. जाऊबाईंनी पुण्याहून त्याच कंपनीचा नवा डबा आणला होता. दोन काचेच्या ग्लासांत सारखंच कोमट पाणी घेतलं, एकात त्यांची पावडर, एकात माझी गुठळी फोडून. त्यांच्या ग्लासात लगेच बारीक बुडबुडे उठले, कान लावला तर चुरचुर ऐकू येत होती. माझी पावडर तळाशी जाऊन बसली आणि हळूहळू विरघळली, बुडबुडा नाही. व्हिडिओ काढून पाठवला. उत्तर आलं की डब्यावर "कोरड्या जागी ठेवा" असं छापलेलं आहे. कोकणात माल विकता, तर जुलैत कोरडी जागा कुठली ते तरी सांगा! पैसे मिळाले नाहीत, बदलूनही दिलं नाही.

तरी घेणं सोडलेलं नाही, कारण चहाच्या डागावर दुसरं काही इतकं चालत नाही. आता छोटंच पाकीट आणते आणि फिरकीच्या झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत कोरड्या चमच्यासकट ओतते. पाण्यात कालवलेली उरली तर मात्र बाटलीत बंद करून ठेवू नका, ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते. उरलेली मी मोरीत ओतते. कंपनीने अशी बरणी दिली तर चार पैसे जास्त मोजायला मी तयार आहे, हे त्यांना दोनदा कळवलंय.