हरळी काढून देणारी बागकाम सेवा: खारघरमधील एका वर्षाचा अनुभव

खारघरमधील आमच्या रो-हाउससमोर सुमारे 450 चौरस फुटांचे कोरियन गवताचे लॉन आहे. त्यात शिरलेली हरळी (गणपतीला वाहतात ते दूर्वांचेच गवत) काढून लॉन पुन्हा एकसारखे करून देण्याचे काम आम्ही गेल्या वर्षी फेब्रुवारीत या बागकाम सेवेला वार्षिक करारावर दिले. मातीकाम आणि नवीन लॉनच्या लाद्या (मातीसकट कापलेले गवताचे तुकडे) धरून एकूण खर्च 26 हजार रुपये झाला. पहिल्या दोन महिन्यांतील काम चुकीचे होते, त्यानंतरचे काम उत्तम होते आणि पावसाळ्यातील देखभाल अर्धवट राहिली. या तिन्हींचा विचार करून मी पाचपैकी साडेतीन गुण देतो. ते कसे दिले हे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण हरळीच्या बाबतीत पहिल्या महिन्यात लॉन कसे दिसते यावरून सेवेची पारख करता येत नाही.

आमच्याकडे हरळी आली ती बहुधा लाल मातीतून. कंपाउंडलगतची जमीन समतल करण्यासाठी आम्ही एक ट्रॉली माती मागवली होती आणि ती चाळून न घेता पसरली. पुढच्या पावसाळ्यात लॉनमध्ये करड्या झाकेचे, जरा लवचीक आणि इतरांपेक्षा भराभर वाढणारे पट्टे दिसू लागले. ज्यांना शंका असेल त्यांनी तुरा येऊ द्यावा. हरळीच्या तुऱ्यात एकाच बिंदूपासून तीन ते सात बोटे पक्ष्याच्या पंजासारखी पसरतात, तर कोरियन गवताला एकच सरळ कणीस येते. पान जिथे खोडाला जुळते तिथे हरळीला बारीक पांढऱ्या केसांची झालर असते, हीही खूण उपयोगी पडते.

पहिल्या भेटीला आलेल्या पर्यवेक्षकांनी लॉनभर एक फेरी मारून "काका, एका फवारणीत सगळं तण जाईल" असे आश्वासन दिले. दुसऱ्या दिवशी दोन मुले पाठीवरचा पंप घेऊन आली. द्रावण त्यांनी लेबल नसलेल्या प्लास्टिकच्या बाटलीतून ओतले. औषधाचे नाव विचारल्यावर त्यांना सांगता आले नाही. कार्यालयात फोन केल्यावर ते टू-फोर-डी असल्याचे कळले. हे औषध रुंद पानांच्या तणांवर चालते, गवतवर्गीय तणांवर त्याचा उपयोग नसतो, आणि हरळी हे गवतच आहे. परिणाम अगदी अपेक्षित असाच झाला: आंबुशी आणि घोळ दहा दिवसांत मेली आणि त्यांच्या रिकाम्या जागेत, मोकळ्या उन्हात, हरळी अधिक जोमाने पसरली. वाऱ्याबरोबर उडालेल्या तुषारांमुळे कुंडीतील टोमॅटोची पाने पिळवटून अरुंद झाली, ती रोपे आम्हाला उपटून टाकावी लागली. याच काळात "लॉन हिरवेगार होण्यासाठी" म्हणून दर पंधरा दिवसांनी युरिया टाकला जात होता आणि गवत अगदी खाली कापले जात होते. भरपूर नत्र आणि बुटकी कापणी या दोन्ही गोष्टी हरळीच्या सोयीच्या आहेत. कोरियन गवताला मुळातच नत्र कमी लागते.

मार्चच्या मध्यावर त्यांनी पॉवर टिलर आणून जमीन नांगरण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा मी काम थांबवले. ज्यांनी शेत पाहिले आहे त्यांना हरळीच्या काशा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. जमिनीखालून जाणाऱ्या या पांढऱ्या, टोकदार, गाठी असलेल्या खोडांच्या प्रत्येक गाठीतून नवीन रोप उभे राहू शकते. फिरत्या पात्यांनी एका काशीचे वीस तुकडे होतात आणि ते सगळ्या लॉनभर पसरतात. भर उन्हाळ्यात वारंवार नांगरून काशा वर आणून सुकवण्याची पद्धत कोरडवाहू शेतात चालते, परंतु शेजारी जिवंत लॉन असताना आणि त्याला रोज पाणी दिले जात असताना ती चालणार नाही, हे बागकामाचा व्यवसाय करणाऱ्यांना ठाऊक असायला हवे होते.

तक्रारीनंतर कार्यालयातून जे पत्रक पाठवण्यात आले, त्यात लॉन चार इंच उंच ठेवावे, खत फक्त शरद ऋतूत द्यावे आणि थंडीत हरळी सुप्त होण्याची वाट पाहावी, असा सल्ला होता. माझा भाचा अमेरिकेत मेरीलँडला राहतो आणि त्याच्याही अंगणात हरळीने, म्हणजे त्यांच्या बर्म्युडा ग्रासने, त्रास दिलेला आहे. पत्रक वाचून दाखवल्यावर तो म्हणाला, "मामा, हे तर आमच्याकडचं वेळापत्रक आहे." त्याच्याकडील लॉन टॉल फेस्क्यू या थंड हवामानाच्या गवताचे आहे. ते गवत साधारण 15 ते 24 अंश तापमानात सर्वांत चांगले वाढते, उंच ठेवले तर दाट सावली धरते आणि हरळीला सावली मानवत नाही. हिवाळ्यात तिथे हरळी वाळलेल्या पेंढ्यासारखी तपकिरी पडते आणि फेस्क्यू हिरवे राहते, त्यामुळे कुठे किती शिरकाव झाला आहे हे नकाशासारखे दिसते. मग जुलै-ऑगस्टमध्ये हरळी पूर्ण वाढीत असताना तेवढ्या पट्ट्यांवर तणनाशक मारायचे, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा मारायचे आणि सप्टेंबरमध्ये फेस्क्यूचे बी पेरायचे, असा त्यांचा क्रम असतो. तिथे फेस्क्यूला फारशी इजा न करता हरळीला दाबून ठेवणारी काही निवडक तणनाशकेही मिळतात, तरीही दोन-तीन वर्षे सातत्य ठेवल्याशिवाय ती आटोक्यात येत नाही, असा त्याचा अनुभव आहे.

आपल्याकडे या क्रमाचा पायाच नाही. खारघरमध्ये जानेवारीच्या पहाटेही पारा हरळीला झोपवण्याइतका खाली जात नाही, आणि कोरियन गवत स्वतःच उष्ण हवामानाचे असल्यामुळे जो ऋतू हरळीला मानवतो तोच त्यालाही मानवतो. शिवाय ते बुटके गवत आहे, ते चार इंच वाढवले तर सावली धरण्याऐवजी गादीसारखे फुगते आणि खालून पिवळे पडते. एका हवामानातील योग्य सल्ला दुसऱ्या हवामानात ग्राहकाच्या हाती द्यायचा आणि त्याचे पैसे घ्यायचे, याला मी गंभीर चूक मानतो. याच कारणाने ऑनलाइन मिळणाऱ्या फेस्क्यू आणि राय गवताच्या आयात बियाण्यांच्या पाकिटांपासूनही नवी मुंबईकरांनी दूर राहावे. थंडीत ते उगवून सुंदर दिसते, एप्रिलच्या उन्हात आणि त्यानंतरच्या पावसात टिकत नाही, आणि मोकळी झालेली जागा हरळी घेते.

यानंतर संस्थेने एका ज्येष्ठ माळीदादांना पाठवले आणि इथून पुढच्या कामाबद्दल मला मनापासून चांगले लिहायचे आहे. त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगितले की कोरियन लॉनमधून फक्त हरळी वेचून मारणारे औषध त्यांच्याकडे नाही, त्यामुळे जिथे हरळी दाट आहे तो सुमारे 150 चौरस फुटांचा भाग संपूर्ण सोडून द्यावा लागेल आणि उरलेल्या भागात हातानेच काम करावे लागेल. हे ऐकायला कठीण होते, पण दोन महिन्यांत आम्हाला मिळालेले हे पहिले खरे उत्तर होते. चिकूच्या सावलीत हरळी गेलेली नाही हेही त्यांनीच दाखवले आणि त्या फांद्या छाटू नका म्हणून सांगितले.

सोडून दिलेल्या भागावर ग्लायफोसेट हे सगळेच गवत मारणारे तणनाशक वापरायचे ठरले. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने या औषधाचा वापर केवळ पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फत करण्याची अधिसूचना काढली होती, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये त्याला संभाव्य कर्करोगकारकांच्या गटात ठेवले. त्यामुळे परवानाधारक माणूसच येईल, डबा माझ्यासमोर उघडला जाईल आणि औषधाचे नाव व प्रमाण बिलावर लिहिले जाईल, अशा तीन अटी मी घातल्या. त्या तिन्ही पाळल्या गेल्या. फवारणीआधी पंधरा दिवस त्या भागाला भरपूर पाणी दिले आणि कापणी बंद ठेवली, कारण हे औषध हिरव्या पानांतून आत शिरून अन्नरसाबरोबर काशांपर्यंत उतरते. वाळलेल्या किंवा नुकत्याच कापलेल्या हरळीवर मारलेले औषध वाया जाते. द्रावण स्वच्छ पाण्यात केले, कारण गढूळ पाण्यातील मातीच्या कणांना चिकटून ते निकामी होते. सकाळी वारा नसताना, मोगरा आणि जास्वंदीला पुठ्ठ्यांचा आडोसा करून फवारणी झाली. कुत्र्याला दोन दिवस मागच्या अंगणात ठेवण्याची सूचनाही त्यांनीच दिली. चार आठवड्यांनी फुटलेल्या कोंबांवर दुसरी फवारणी झाली. उरलेल्या लॉनमध्ये विखुरलेल्या धावत्या फांद्यांना मात्र औषधाचा थेंबही लावला नाही, त्या खुरप्याने एकेक करून मुळापर्यंत उकरल्या.

एप्रिलच्या अखेरीस दोन माळ्यांनी तो भाग कुदळीने साधारण फूटभर खोल खणला आणि सगळी माती चाळणीतून काढली. चाळणीवर राहिलेल्या काशांची तीन घमेली भरली. त्या कंपोस्टच्या खड्ड्यात न टाकता गच्चीवर पत्र्यावर पसरून कडकडीत वाळवल्या, हा तपशील अनेकजण विसरतात. त्यानंतर माती ओली करून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवले, कडा मातीत गाडल्या आणि मेचे संपूर्ण ऊन त्याला मिळू दिले. काळे प्लास्टिक चालणार नाही का, असे विचारल्यावर दादा म्हणाले, "काळं स्वतः तापतं काका, पारदर्शक मातीला तापवतं." पाच आठवड्यांनी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, प्लास्टिक काढले. वरच्या थरातील बिया आणि उरलेल्या बारीक काशा या उष्णतेने मरतात, खोलवरच्या काशा मात्र वाचू शकतात, हे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते.

नवीन लाद्या उरुळी कांचनच्या बाजूच्या रोपवाटिकेतून आल्या. त्यातील प्रत्येक लादी उलटी करून पाहण्याचा आग्रह मी धरला आणि दोन लाद्यांमध्ये काशा सापडल्यावर त्या विनातक्रार परत घेतल्या गेल्या. शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधून पुन्हा शिरकाव होऊ नये म्हणून भिंतीच्या कडेने शहाबादी फरशीच्या पट्ट्या दहा इंच खोल उभ्या गाडल्या. वरच्या बाजूला दोन इंच फरशी उघडी ठेवली आहे, कारण हरळी खालून जाते तशी वरून उडीही घेते. कराराबाहेरचे हे काम त्यांनी केवळ फरशीच्या किमतीत केले.

पावसाळ्यात मात्र सेवा पुन्हा ढिली पडली. करारात दर आठवड्याला एक भेट होती. जुलै आणि ऑगस्टमध्ये मिळून फक्त चार भेटी झाल्या. हेच दोन महिने सर्वांत निर्णायक असतात, कारण ओल्या मातीतून कोवळी काशी अखंड उपटून येते आणि पंधरा दिवस दुर्लक्ष केले तर तीच काशी हातभर पसरून जागोजागी मुळे धरते. आम्ही पतिपत्नींनी रोज सकाळी अर्धा तास खुरपे घेऊन बसून ती उणीव भरून काढली. सप्टेंबरमध्ये तक्रार केल्यावर चुकलेल्या भेटी पुढे वाढवून देण्यात आल्या, हे नोंदवले पाहिजे.

एक गोष्ट त्या दादांनी आम्ही न मागता केली. लॉनपासून दूर, तुळशीवृंदावनाच्या मागे, विटांचा दोन फुटांचा चौकोन बांधून त्यात त्यांनी हरळीच लावली, कारण गणपतीत दूर्वा लागतात आणि औषध मारलेल्या लॉनमधील दूर्वा देवालाही वाहू नयेत आणि घरातही आणू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते. चौकोनाला सिमेंटचा तळ आहे आणि पाणी जाण्यासाठी जाळी बसवलेली दोन भोके आहेत. भाद्रपदात आमच्यासह आळीतील चार घरांच्या एकवीस-एकवीस दूर्वांच्या जुड्या तिथूनच गेल्या.

आज, नवीन लाद्या बसवून दहा महिने झाल्यावर, खणलेल्या भागात दोन ठिकाणी आणि जुन्या लॉनमध्ये पाच-सहा ठिकाणी हरळीचे कोंब दिसतात. ते खुरप्याने निघतात. ज्यांना ही सेवा घ्यायची आहे त्यांनी औषधाचे नाव लेखी मागावे, टिलरला नकार द्यावा, प्लास्टिकचे काम मेमध्येच करून घ्यावे आणि पैशांचा निदान एक तृतीयांश हप्ता पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवावा. आम्ही करार आणखी एका वर्षासाठी वाढवला आहे. त्यात जून ते सप्टेंबरमधील प्रत्येक भेटीची तारीख लिहून घेतली आहे आणि काम त्याच माळीदादांकडे राहील, अशी अट घातली आहे.