बिलावर ‘ऑइल बदली’, ब्रेकमध्ये मोटरसायकलचं डॉट-४: सोलापूरच्या सायकलवाल्यांनो, हे वाचा

सोलापुरात एका रोड बाइकच्या मालकाकडून हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) डिस्क ब्रेकच्या सर्व्हिसिंगचे साडेचार हजार रुपये उकळले गेले. बिलावर लिहिलं होतं: दोन्ही ब्रेकची ऑइल बदली, पॅडचे दोन जोड, एक रोटर (पॅड जिला पकडतात ती चाकाची तबकडी), मजुरी. सायकल ताब्यात घेताना दोन्ही लिव्हर चांगले कडक लागत होते, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. महिनाभरात मागचा लिव्हर दाबल्यावर रेंगाळत परत येऊ लागला आणि पुढच्या कॅलिपरभोवती (पॅड आणि पिस्टन धरणाऱ्या भागाभोवती) ओलसर डाग धरला. ब्रेक उघडल्यावर उलगडा झाला. पॅड आणि रोटर बदललेच नव्हते. ऑइल मात्र बदललं होतं, मोटरसायकलचं डॉट-४ भरलं होतं, आणि सगळ्यात मोठं नुकसान त्यानेच केलं.

ब्रेक शिमानो कंपनीचे होते. त्यात खनिज तेल चालतं, शिमानोचं तेल गुलाबीसर लाल असतं. स्रॅम कंपनीच्या रोड ब्रेकमध्ये डॉट ५.१ लागतं; डॉट म्हणजे गाड्यांच्या ब्रेकमध्ये वापरतात त्या प्रकारचं ब्रेक ऑइल. ही दोन वेगळी रसायनं आहेत आणि एकाची जागा दुसरं घेऊ शकत नाही. डॉट-४ कुठल्याही टू-व्हीलर स्पेअरच्या दुकानात मिळतं, शिमानोचं तेल बहुतेक वेळा मागवावं लागतं. म्हणून हाताशी आहे ते ओतायचं आणि पैसे सायकलच्या तेलाचे लावायचे, असा हा प्रकार. शिमानोचे रबरी सील खनिज तेलासाठी बनवलेले असतात. डॉट लागलं की ते फुगतात, मऊ पडतात. मग पिस्टन अडकतो, पॅड रोटरला घासत राहतात आणि शेवटी गळती सुरू होते. हे पहिल्या दिवशी दिसत नाही, खरा धोका तिथेच आहे. तुळजापूरला घाट चढून गेलेला माणूस उतरताना ज्या ब्रेकवर भिस्त ठेवतो, तो आतून खराब होत असतो.

एकदा डॉट शिरलं की नुसतं धुऊन, नवं तेल भरून भागत नाही. शिमानो कॅलिपरचे सील सुटे विकत नाही. लिव्हर, होज (तेलाची नळी) आणि कॅलिपर असा पूर्ण संच बदलणं हाच भरवशाचा मार्ग, आणि त्याचा खर्च सर्व्हिसिंगच्या कितीतरी पट येतो.

ऑइल कोणतं भरलंय हे घरीच तपासता येतं. ब्लीड निपलला (कॅलिपरवरच्या, तेल काढायच्या तोंडाला) पारदर्शक नळी लावून थेंबभर तेल काढा आणि काचेच्या पेल्यातल्या पाण्यात सोडा. खनिज तेल असेल तर थेंब वर तरंगतो, हलवलं तरी त्याचे गोल थेंब वेगळे राहतात. डॉट ३, ४ किंवा ५.१ असेल तर तो पाण्यात विरघळून जातो. नुसत्या रंगावर विसंबू नका. जुनं खनिज तेल काळपट होतं, दुसऱ्या कंपन्यांच्या तेलाचे रंग वेगळे असतात, मागुराचं तर निळं असतं. निपलला पाना लावण्याची सवय नसेल तर जाणकाराच्या हातूनच करा, कारण निपल सैल राहिलं तर आत हवा शिरते. डॉटचा थेंब फ्रेमवर पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, ते रंग खातं.

आता लिव्हर कडक कसा लागत होता? पॅड झिजल्यामुळे पिस्टन बाहेर आलेले होते. ते मागे न ढकलता वरून टाकीत तेल भरलं की लिव्हर थोडं दाबताच पकडतो आणि गिऱ्हाइकाला काम फक्कड झाल्यासारखं वाटतं. पण टाकीतल्या लवचीक पडद्याला तेल फुगायला जागा लागते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या वर असतो, त्यात उतारावर ब्रेक लावला की तेल तापतं, जागा नसल्यामुळे पिस्टन पुढे सरकतात आणि चाक जड फिरू लागतं. पुढे कधी नवे जाड पॅड घालायला गेलं तर पिस्टन मागेच जात नाहीत. म्हणून लिव्हर कडक आहे एवढ्यावर ब्लीडिंग (तेल भरून आतली हवा काढणं) नीट झालं असं मानू नका.

शिमानोचं ब्लीडिंग नीट करणारा माणूस आधी चाक काढतो, पॅड काढतो, प्लास्टिकच्या टायर लिव्हरने पिस्टन पूर्ण मागे ढकलतो आणि मध्ये ब्लीड ब्लॉक (पिस्टन मागेच धरणारा ठोकळा) बसवतो. ब्रेकच्या लिव्हरवर फनेल चढवतो, कॅलिपरला सिरिंज लावतो आणि तेल खालून वर ढकलतो, फनेलमध्ये बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. होजवर टिचक्या मारतो. लिव्हर आडवा, मग साधारण ३० अंश वर, ३० अंश खाली करून दाबतो, म्हणजे कोपऱ्यात अडकलेली हवा सुटते. पॅड परत बसवण्याआधी कॅलिपर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो. दोन्ही ब्रेकना निवांत तासभर तरी लागतो. पॅड जागेवर ठेवून, चाक न काढता, चहा येईपर्यंत काम उरकलं असेल तर ब्लीडिंग झालेलं नाही. होज कापून छोटा केला असेल तर ऑलिव्ह आणि इन्सर्ट (होजच्या टोकाचा जोड घट्ट करणारे छोटे भाग) नवेच हवेत, जुने पुन्हा वापरले की तिथूनच गळती लागते.

पॅडची लबाडी पकडणं सोपं आहे. या सायकलचे जुनेच पॅड पॉलिश पेपरवर घासून परत बसवले होते: पृष्ठभागावर सरळ बारीक चरे, पण धातूच्या पाठीच्या कडेला काळी भुकटी तशीच चिकटलेली. ब्रेकचं मटेरियल ०.५ मिमी उरलं की शिमानोचे पॅड टाकायचे. सर्व्हिसिंगला देण्याआधी पॅडच्या पाठीच्या कडेला नेलपॉलिशचा ठिपका लावा, तो परत दिसला तर बोलायला जागा राहत नाही. रोटरवर किमान जाडी कोरलेली असते. शिमानोचा नवा १.८ मिमी, १.५ ला बाद. मायक्रोमीटरने मोजा, कारण व्हर्नियरचे जबडे न झिजलेल्या कडेवर टेकतात आणि आकडा जास्त येतो. ‘रेझिन पॅड ओन्ली’ लिहिलेल्या रोटरवर मेटल पॅड घालू देऊ नका, रोटर लवकर संपतो.

डिझेल वॉशलाही साफ नकार द्या. डिझेलचे थेंब पॅडमध्ये मुरतात, ब्रेक किंचाळतो, पकड जाते आणि मग तेच दुकान ‘पॅड गेले’ म्हणून नवे विकतं.

नवी किंवा जुनी सायकल घेताना ‘हायड्रॉलिक’ शब्दावर जाऊ नका. कॅलिपरपाशी तार बोल्टमध्ये आवळलेली दिसली तर लिव्हरपासून येणारी ओढ तारेचीच आहे, कॅलिपरच्या आत तेल असलं तरी. असे ब्रेक वाईट नसतात, पण पूर्ण हायड्रॉलिकच्या भावात घेऊ नका.

काम देतानाच लिहून घ्या: ऑइलचं नाव, पॅडचा पार्ट नंबर, रोटरचं मॉडेल, आणि जुने सुटे भाग परत मिळतील ही अट. सीलबंद बाटली समोर फोडायला सांगा. कॅलिपरचे बोल्ट ६ ते ८ आणि सेंटरलॉकची (रोटर चाकाला धरून ठेवणारी) रिंग ४० न्यूटन-मीटरला आवळली का, हेही विचारा. टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळणारा पाना) नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.

फसलाच असाल तर ब्रेक धुऊ नका. काढलेलं तेल स्वच्छ काचेच्या बाटलीत ठेवा, पॅड-रोटरचे फोटो मोजमापासकट घ्या, बिल आणि पैसे भरल्याची पावती जपा. आधी दुकानाला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जा. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही.