वाचनालयाची मेंबरशिप फक्त कार्यक्रमांसाठी घेतली होती, आठ-नऊ महिन्यांनंतरचं खरं खरं

व्याख्यानमालेच्या तिसऱ्या दिवशी पाहुणे बोलायला उभे राहिले आणि डोक्यावरच्या पंख्याने घर्र-कट-कट-घर्र जे सुरू केलं ते आभारप्रदर्शनापर्यंत थांबलं नाही. बाहेर पडताना कार्यवाहांना गाठून बोललो तर म्हणाले, "साहेब, लेखी द्या." लेखी म्हणजे हे घ्या. वाचनालयाचं नाव टाकत नाही, गाव लहान आहे, रोज एकमेकांची तोंडं बघायची असतात. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण, सरकारी वर्गवारीत अ वर्ग, जुनी इमारत, दर्शनी भिंतीवर देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या. असलं वाचनालय सगळ्यांनी पाहिलेलं असतं त्यामुळे बाकी वर्णन करत बसत नाही.

मी पुस्तकांसाठी मेंबर झालोच नाही. पुस्तकं घरात पडलीत ती वाचून होईनात. मला हवे होते कार्यक्रम. पुण्याला जाऊन एखादं नाटक किंवा गाण्याची बैठक ऐकायची म्हटलं की तिकीट तीन-चारशे, एसटीचं जाऊन-येऊन भाडं, वर रात्रीचं जेवण, माणशी हजार रुपये गेलेच समजा. इथे महिना पन्नास रुपये, अनामत पाचशे (परत मिळते, निदान पावतीवर तसं छापलंय), आणि वर्षभर व्याख्यानं, कविसंमेलन, दिवाळी अंकांचं प्रदर्शन, सगळं फुकट. हिशोब मला पटला. नंतर कळलं की कार्यक्रम सगळ्यांनाच फुकट असतात, मेंबर असा नसा, पण ते पावती फाडताना कोण सांगणार.

मेंबरला जास्तीचं काय मिळतं तर व्हॉट्सॲप ग्रुप. ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहू शकतो आणि तो सकाळी सुविचार टाकतो. कार्यक्रमाची पत्रिका पीडीएफ करून त्याच दिवशी दुपारी येते, त्यात अध्यक्ष, कार्याध्यक्ष, विश्वस्त, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती, सन्माननीय उपस्थिती अशी नावंच नावं, आणि व्याख्यानाचा विषय सगळ्यात खाली, मोबाईलवर बोटांनी ताणून वाचावा लागतो.

पहिला कार्यक्रम बघितला तो ग्रंथपाल दिनाचा, 12 ऑगस्ट. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांची जयंती असते त्या दिवशी. वेळ सहाची. पावणेसातला दीपप्रज्वलन, मग प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, मग सत्कार. शाल, श्रीफळ, पुस्तक, पुढचा, शाल, श्रीफळ, पुस्तक, फोटोसाठी परत एकदा शाल. वक्ते उभे राहिले तेव्हा साडेसात होऊन गेले होते आणि ते बोलले कशावर तर रंगनाथनांच्या पंचसूत्रीवर, 1931 साली मांडलेली, त्यातलं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवा. मी आजूबाजूला बघितलं, कोणाच्याही चेहऱ्यावर काही नाही. व्याख्यान चांगलं होतं हो, पाचही सूत्रं माणसाने सोपी करून सांगितली, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे हे सांगताना इथल्याच कपाटातली वर्षानुवर्षं कोणी न नेलेली दोन पुस्तकं काढून दाखवली, त्यातलं एक मी दुसऱ्या दिवशी घरी आणलं. पण ऐकू किती आलं? निम्मं. कारण पंखा.

आता पंख्याबद्दल सविस्तर, कारण माझ्या मते या वाचनालयाच्या सांस्कृतिक कार्याचा हाच खरा प्रश्न आहे. सभागृहात सहा पंखे आहेत, उंच स्लॅबवरून लांब दांडीने खाली आलेले. व्यासपीठाकडून धरलं तर डावीकडचा तिसरा, तो गुन्हेगार. त्याचं बेअरिंग गेलंय, शिवाय दांडीचा नट सैल आहे, त्यामुळे तो नुसता घरघरत नाही तर लयीत ठोके देतो. रेग्युलेटर एकवर ठेवला तर फिरत नाही, दोनपासून पुढे सगळं पाचच. आणि बोर्ड कुठे तर बरोब्बर अध्यक्षांच्या खुर्चीमागे, म्हणजे कार्यक्रम चालू झाला की उठून बंद करायची सोय नाही. नेहमीच्या लोकांना हे माहीत आहे, ते उजवीकडे बसतात. नवा माणूस वारा बघून त्याच्याखाली जातो.

आमच्या वायरमनला विचारलं, तो म्हणाला बेअरिंग अन् मजुरी धरून तीनशेच्या आत काम. मी ग्रंथपाल मॅडमना म्हटलं मी देतो तीनशे. त्या म्हणाल्या, देणगी म्हणून पावती करावी लागेल, मग ती कार्यकारिणीपुढे ठेवावी लागेल. मग म्हटलं बदलूनच टाका की, नवा पंखा दीड-दोन हजाराला येतो. त्यावर मॅडमनी वर बोट दाखवलं. पंख्याच्या पात्यावर लाल ऑइलपेंटने लिहिलंय, अमुक अमुक यांचे स्मरणार्थ. फिरताना दिसत नाही. देणगीदारांचे चिरंजीव कार्यकारिणीत आहेत आणि पंखा काढायचा विषय काढला की ते बैठकीतून उठून जातात. बेअरिंग बदलायलाही खाली उतरवावा लागेल आणि एकदा उतरवला की परत चढवणार नाहीत अशी त्यांना शंका आहे. या माहितीनंतर काय बोलणार. आपल्याकडे पंखा, बाकडं, पाण्याची टाकी, भिंतीवरचं घड्याळ, सगळ्यावर कोणाचं ना कोणाचं स्मरणार्थ असतं, आणि मग ते बंद पडलं तरी हलत नाही. त्यांचं घड्याळही बंदच आहे, पण ते आवाज करत नाही.

15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, अब्दुल कलामांची जयंती. शाळेतली पोरं आणून बसवली, प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक, कल्पना छान. मग वाचनाचं महत्त्व या विषयावर तीन भाषणं. पोरं पुस्तक मांडीवर घेऊन भाषणं ऐकत होती, एक मुलगी खाली मान घालून हळूच पानं उलटत होती तर तिला बाईंनी डोळे वटारले. प्रत्यक्ष वाचनाला शेवटी दहा मिनिटं उरली. फोटो मात्र वाचतानाचेच निघाले.

फोटोचा प्रकार मला हळूहळू उलगडला. मॅडम एकदा निवांत होत्या तेव्हा म्हणाल्या की तपासणीला आले की कार्यक्रमांचा अहवाल मागतात, फोटो मागतात, बॅनरवर तारीख स्पष्ट दिसायला पाहिजे. म्हणजे पोरांच्या मागे तो बारा फुटी फ्लेक्स का होता ते कळलं. त्यांनी पैशाचंही सांगितलं. राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 चा, त्याखाली वर्गवारीप्रमाणे अनुदान, ते हप्त्याने येतं, पगार आणि पुस्तकं यातच बरंचसं जातं. 2022 साली सरकारने 60 टक्के वाढवलं तेसुद्धा दहा वर्षांनी. मॅडम स्वतः किती पगारावर आहेत हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही, पण दुपारी त्या घरी शिकवण्या घेतात एवढं गावात सगळ्यांना माहीत आहे. व्याख्यानमाला चालते ती ठेवींच्या व्याजावर आणि देणग्यांवर, म्हणजेच ज्यांची नावं पंख्यावर आहेत त्यांच्यावर. हे ऐकून माझा आवाज जरा खाली आला हे कबूल, पंख्याचा नाही आला.

दिवाळी अंकांवर एक परिच्छेद टाकतोच. चारशे रुपये वेगळे भरायचे, दिवाळीपासून अंक घरी न्यायचे, एका वेळी दोन. माझ्या हातात चांगले अंक पडेपर्यंत संक्रांत आली. आधी कार्यकारिणी, मग आजीव सभासद, मग आम्ही. जानेवारीत मिळालेल्या एका अंकात शब्दकोडं पेनाने सोडवलेलं, तेही चुकीचं. यासाठी एक स्टार कमी.

आता चांगलं. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी वाचक कट्टा असतो. हा पत्रिकेत नसतो, फ्लेक्स नसतो, खालच्या वर्तमानपत्रांच्या खोलीत टेबलाभोवती पंधरा-वीस माणसं बसतात आणि वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलतात. चहा असतो, तो ज्याची पाळी असेल तो पाजतो. मला याचा पत्ता डिसेंबरात लागला, तोही ग्रुपवरून नाही, शिपाई मामांनी सांगितलं. इथे एक रिटायर्ड एसटी कंडक्टर काका येतात. ते फक्त प्रवासवर्णनं वाचतात आणि लेखकाचा प्रवास वेळापत्रकावर तपासतात. एका पुस्तकात लेखक पहाटेच्या गाडीने खंबाटकी घाट उतरतो, तर काका म्हणाले, "त्या साली त्या टायमाला गाडीच नव्हती, हा माणूस खोटं तरी लिहितोय नायतर ट्रकनं आलाय." त्यावर पाऊण तास चर्चा, आठवणीतून लिहिताना किती खरं असावं लागतं इथपर्यंत गेली. असलं काही मी पुण्यात पैसे भरून ऐकलेलं नाही. आणि या खोलीत पंखा टेबलफॅन आहे, गप्प असतो.

27 फेब्रुवारीचं कविसंमेलन पटकन आटोपतो: कवी श्रोत्यांपेक्षा जास्त होते.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि मार्क द्यायचे होते अडीच. पण पोस्ट करायच्या आधी व्याख्यानमालेचा शेवटचा दिवस झाला आणि आता मला थोडं बदलावं लागतंय.

विषय होता आपल्या भागातल्या जुन्या विहिरी. वक्ते इतिहासाचे मास्तर, स्लाइड शो घेऊन आलेले. सत्कार वगैरे नेहमीप्रमाणे झाले, त्यांनी पहिली स्लाइड लावली, लिंब गावची बारा मोटेची विहीर, आणि बाहेर वळवाचा पाऊस कोसळला आणि लाईट गेली. माइक बंद, प्रोजेक्टर बंद, आणि तोसुद्धा बंद! आधी सगळे चुळबुळले, अध्यक्षांनी घड्याळ बघितलं, मला वाटलं आभार मानून मोकळे होणार. मास्तर मात्र व्यासपीठावरून खाली उतरले, म्हणाले जवळ या सगळे. आजीव सभासदांसाठी राखीव चिकटवलेल्या पुढच्या दोन रांगा आम्ही ओढून गोल केल्या, मॅडमनी दोन-तीन मोबाईलचे टॉर्च टेबलावर उभे केले.

मग माणूस नुसता बोलला. विहीर साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या काळातली, वीरूबाई भोसल्यांनी बांधलेली, शिलालेखात शके 1641 ते 1646 असं आहे, म्हणजे इसवी सन 1719 ते 1724. खोली एकशे दहा फुटांच्या आसपास, व्यास पन्नास फूट, वरून बघितली तर शिवलिंगाच्या आकाराची, आणि पोटात चक्क छोटा महाल. हे आम्ही फोटोत पाहिलेलं असतं, बरेचजण जाऊन सेल्फी काढून आलेत. मास्तरांनी मध्येच विचारलं, "तुमच्यातलं मोट कुणी हाकलीय का?" मागून एक आजोबा उठले, फेटा ओला झालेला, बहुतेक पाऊस लागला म्हणूनच आत आलेले असावेत. त्यांनी दोन हात पसरून दाखवलं, कातड्याची मोट एवढी, तिला खालून सोंड, जाड दोर तो नाडा, बारीक तो सोंदूर, बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासून काढलेल्या उतारावरून, उतरले की मोट वर येते, सोंदुराने सोंड थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या हौदात, सुटते आणि पाणी पाटाला लागतं. बैल मागं सरकवत आणायचे हेच खरं कसब, म्हणाले, पुढं काय कुणीबी हाकलंल. मग मास्तरांनी तिथून हिशोब धरला, अशा बारा मोटा एकदम चालायच्या म्हणजे चोवीस बैल, किती माणसं, काठावर किती जागा लागेल, धावा कुठल्या दिशेला काढाव्या लागतील. स्लाइडवर हे कळलं नसतं. तासाभराने लाईट आली आणि पहिली गोष्ट काय झाली तर घर्र-कट-कट. अख्खं सभागृह वर बघून हसलं, कार्यवाहही हसले, आणि अध्यक्षांनी स्वतः मागे हात घालून बटण बंद केलं! म्हणजे हात पोचतो त्यांचा. इतके महिने पोचत होता.

तर मार्क साडेतीन. एक सांगायचं राहिलं, 1875 साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा वीज नव्हती, पंखा तर नव्हताच, आणि लोक उन्हाळ्यातच ऐकायला बसायचे. आमच्या कार्यकारिणीला हा मुद्दा मी तोंडी सांगितलाय, त्यांनी लेखी मागितलाय.

कोणी मेंबर होणार असाल तर पुस्तकं नेणार असलात तरच व्हा, नाहीतर कार्यक्रमांना तसेच जा, दारात कोणी अडवत नाही. सहाची वेळ असेल तर सव्वासातला पोचा, काही बुडत नाही. दुसऱ्या शनिवारी मात्र वेळेवर जा कारण काका बरोब्बर सहाला सुरू करतात, एसटीतली सवय. एप्रिलपासून वर्गणी पन्नासची सत्तर झालीय आणि अनामतीतला फरक दोनशे भरा म्हणून मेसेज आलाय, त्यावर माझं मॅडमशी बोलणं चालू आहे. वर्षाचे एकदम भरले तर सूट आहे का विचारलं, नाही म्हणाल्या. मग सहा महिन्यांचेच भरलेत, आणि यंदा दिवाळी अंकाचे चारशे भरणार नाही, मामा म्हणालेत जानेवारीनंतर विचारा, तसेच देतो.