तडा गेलेला मॅनिफोल्ड: नवा बिडाचा की स्टेनलेसचा?
हौसेने उभ्या करत असलेल्या माझ्या छोट्या गाडीचा टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंप) म्हापशात उतरवला, तेव्हा मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या भागावर, दोन पोर्टांच्या (धूर आत येण्याच्या तोंडांच्या) मधोमध केसाएवढा तडा आणि त्याभोवती काजळीचा पट्टा दिसला. बिडाचा मॅनिफोल्ड जड असला तरी टर्बोचा भार निमूट पेलतो. ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या नळ्या वेल्ड करून केलेला हलका असतो आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत कमी गंजतो, मात्र तापल्यावर तो बिडाच्या सुमारे दीडपट प्रसरण पावत असल्याने टर्बोला वेगळा आधार न दिल्यास त्याचे सांधे फाटू शकतात. चोर्ला घाट चढवायच्या गाडीला मी बीडच निवडेन. स्टड (मॅनिफोल्ड इंजिनाला आवळणारे आटेदार दांडे) आणि गॅस्केट (सांध्यातली गळती रोखणारी चकती) मात्र दोन्ही पर्यायांत नवेच घ्यावेत. गंजलेला स्टड हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) तुटला, तर (अनुभवाने सांगतो) अख्खा दिवस जातो.