कॅसलव्हेनिया ॲनिव्हर्सरी कलेक्शन: उडी मारली की मारली

सेल लागला होता, रात्री साडेअकराला नुसतं बघू म्हणून स्टीम हे गेम विकणारं ऑनलाइन दुकान उघडलं आणि दहा मिनिटांत कॅसलव्हेनिया ॲनिव्हर्सरी कलेक्शन, म्हणजे कोनामी कंपनीच्या जुन्या कॅसलव्हेनिया गेमचा संच, विकत घेऊन बसलो. सेलमध्ये हे एका मिडीयम पिझ्झाच्या पैशात पडतं आणि त्यात आठ गेम आहेत. आमच्या पिढीला कोनामी माहीत ते कॉन्ट्रामुळे, वर वर खाली खाली करून तीस लाईफ घ्यायचे ते. कॅसलव्हेनियाची कॅसेट आमच्या गल्लीत कधी कुणाकडे आलीच नाही, त्यामुळे मी चाळिशीला टेकल्यावर पहिल्यांदा ड्राकुलाच्या वाड्यात शिरलोय आणि रोज मार खातोय.

पहिला गेम १९८६चा, जपानमध्ये फॅमिकॉम या निन्टेंडोच्या मशीनच्या डिस्कवर आलेला, तिकडचं नाव अकुमाजो ड्राकुला. गोष्ट दोन ओळींची. ड्राकुला मधूनमधून कबरीतून उठतो आणि बेलमाँट घराण्यातल्या कुणीतरी जाऊन त्याला परत झोपवायचं. वतन नाही जहागिरी नाही, पिढ्यानपिढ्या वारशात काय तर एक चाबूक. पहिल्या गेममध्ये सायमन बेलमाँट आहे. मेणबत्त्या फोडायच्या, त्यातून पत्त्यांतल्यासारखे बदाम पडतात, आणि ते बदाम म्हणजे लाईफ नाही तर कुऱ्हाड, सुरी, पवित्र पाणी फेकायचा दारूगोळा (हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, तोवर जीव भरतोय म्हणून धावून धावून गोळा करत होतो). जीव भरायला भिंत फोडायची, आत शिजवलेलं मटण मिळतं. वाड्याच्या भिंतीत मटण कुणी चिणून ठेवलं आणि ते अजून गरम कसं, असं विचारायचं नाही.

आता मुद्द्याचं. माझा भाचा आठवीत आहे, तो पाच मिनिटं खेळला आणि म्हणाला, "मामा, हा हवेत वळत का नाही?" नाहीच वळत. सायमनने उडी मारली की मारली, मधे विचार बदलला तरी तो ठरल्या जागीच उतरणार. चाबूकही बटण दाबल्यावर क्षणभराने सुटतो. आणि फटका बसला की तो मागे फेकला जातो, मागे खड्डा असेल तर संपलं. सुरुवातीला वाटतं जुना गेम आहे, नीट जमलं नसेल त्यांना. पण मेड्युसाची मुंडकी लाटेसारखी वरखाली होत अंगावर यायला लागली की कळतं, हे सगळं मोजूनमापून केलंय, पाऊल टाकायच्या आधी विचार कर एवढंच म्हणणं आहे त्यांचं. मृत्यूच्या खोलीआधी एक लांब बोळ आहे, समोरून चिलखतवाले कुऱ्हाडी फेकतायत, मागून-पुढून मुंडकी, आणि आत विळावाला मृत्यू स्वतः बसलाय. मी तीन रात्री त्या बोळात काढल्या. चौथ्या रात्री पवित्र पाणी न वापरता राखून आत नेलं, त्याच्या ज्वाळेत मृत्यू जागच्या जागी अडकतो, बाटल्यांवर बाटल्या टाकल्या आणि गेला एकदाचा. सोसायटीत ऐकू जाईल असा ओरडलो.

त्यात माझा कंट्रोलर सेकंडहँड, दुकानदार म्हणाला होता एकदम नव्यासारखा आहे. त्याचं डावं बटण दाबलं की थोडं वरचंही दाबलं जातं, आणि या गेममध्ये वर दाबून मारलं की चाबूक न चालता हातातलं हत्यार फेकलं जातं. म्हणजे वटवाघूळ तोंडावर आलंय आणि आमचा सायमन पवित्र पाण्याची बाटली पायाशी आपटतोय. तेव्हा हा गेम घेणार असाल तर चांगली बटणं असलेला कंट्रोलर आधी बघा.

पहिल्या गेमच्या शेवटी येणाऱ्या नावांमध्ये संगीताला जेम्स बनाना असं नाव येतं. त्यामागे खरी किनुयो यामाशिता, कोनामीतली तरुण संगीतकार, आणि ते नाव म्हणजे ब्रिटनच्या जुन्या ड्राकुला सिनेमांचा संगीतकार जेम्स बर्नार्डवरचा विनोद. त्यावेळी कामं करणाऱ्यांची खरी नावं छापतच नव्हते. वाईट वाटतं, कारण तीन-चार आवाजांत तिने जे केलंय ते अजून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

दुसरा भाग, सायमन्स क्वेस्ट, १९८७चा. दिवस-रात्र होते, गावं आहेत, ड्राकुलाचे अवयव गोळा करायचे आहेत, कल्पना जबरी, पण गावकरी चक्क खोटं बोलतात. एका कड्यापाशी लाल स्फटिक हातात घेऊन थोडा वेळ गुडघ्यावर बसून राहायचं, मग वावटळ येते आणि उचलून पुढे नेते. हे स्वतःहून कुणाला सुचलं असेल तर त्याच्या पाया पडायला तयार आहे, मी सरळ नेटवर बघितलं. तिसरा भाग १९८९चा, माझ्या मते या पेटीतला सगळ्यात भारी. ट्रेव्हर बेलमाँट, वाटेत सोबती मिळतात, रस्ते फुटतात. याची जपानी कॅसेट जरूर ऐका, त्यात आवाजाची वेगळी चिप होती, जपानबाहेरच्या मशीनवर तिचे जादाचे आवाज वाजत नव्हते म्हणून अमेरिकेतली आवृत्ती त्यामानाने मोकळी वाटते. कलेक्शनमध्ये जपानी आवृत्त्या नंतर अपडेटमधून फुकट आल्या, आता दोन्ही आहेत, एकामागून एक लावून बघा.

मग १९९१चा सुपर कॅसलव्हेनिया चार. इथे चाबूक आठही दिशांना फिरतो आणि, भाच्यासाठी खास, माणूस हवेत वळतो! तो खूश झाला, चार लेव्हल एका दमात काढल्या. मला मात्र थोडं चुकल्यासारखं वाटलं, इतका चाबूक हातात आल्यावर कुऱ्हाड-सुरीची गरजच राहत नाही. ब्लडलाइन्स १९९४चा, सेगा कंपनीच्या मशीनवरचा, पहिल्या महायुद्धाच्या वेळचा, वाडा सोडून पिसाच्या मनोऱ्यावर, व्हर्सायच्या महालात वगैरे फिरवतो, मस्तच. गेमबॉयवरचे दोन आहेत त्यातला पहिला इतका हळू चालतो की मी मधे चहा टाकून आलो. किड ड्राकुला हा लहान मुलांसारखा गोड गेम, इंग्रजीत अधिकृतपणे पहिल्यांदा यातच आला.

काम एम-टू या जपानी कंपनीचं आहे, जुने गेम जसेच्या तसे चालवण्यात यांचा हात धरणारा कुणी नाही, चित्र-आवाज चोख. सोबत स्केचेस आणि कागदपत्रांचं एक डिजिटल पुस्तक आहे तेही बघण्यासारखं. पण चूक झाली की खेळ थोडा मागे फिरवायची सोय नाही, नुसतं सेव्ह करता येतं. नंतरच्या कलेक्शनमध्ये ती सोय दिली, मग इथे का नाही दिली कुणास ठाऊक.

आणि मोठी खंत म्हणजे, हे कलेक्शन मालिकेची अर्धीच गोष्ट सांगतं. १९९७चा सिम्फनी ऑफ द नाइट यात नाही, ज्याच्यात चाबूकवाल्याला बाजूला ठेवून ड्राकुलाच्या पोरालाच हिरो केलं, सगळा वाडा एका नकाशात मोकळा सोडला आणि संपला असं वाटलं की तोच वाडा उलटा टांगून परत फिरायला लावला. आज छोट्या स्वतंत्र टीमच्या अर्ध्या गेमना (इंडी गेम) मेट्रॉइडव्हेनिया म्हणतात, म्हणजे एका मोठ्या नकाशात मोकळं फिरायचे गेम, त्यातला मेट्रॉइड दुसऱ्या एका गेमवरून आणि व्हेनिया मुख्यतः तिथला. तो २०२० साली मोबाईलवरही आलाय, तिथे घ्या. पुढचे गेमबॉय ॲडव्हान्सवाले २०२१च्या ॲडव्हान्स कलेक्शनमध्ये आणि निन्टेंडो डीएसवाले २०२४च्या डॉमिनस कलेक्शनमध्ये. थ्रीडी वाल्यांबद्दल मी काही बोलत नाही, खेळून झालेले नाहीत.

ज्यांना चटकन जिंकायचंय त्यांनी ॲडव्हान्सपासून सुरुवात करा, राग येणार नाही. बाकीच्यांनी हेच घ्या, पण पूर्ण किमतीला नको, सेल येतोच. भाचा आता सुट्टीत परत आलाय आणि सुपर चार सोडून पहिल्याच गेमच्या त्या बोळात अडकलाय, मी मागे बसून पाणी राखून ठेव पाणी राखून ठेव म्हणतोय आणि तो ऐकत नाहीये.